बिनफोडणीचं घर

भाताची झोडणी चालू होती आणि बाबा खळ्यातच मटकन खाली बसले. घामाने निथळत होते. आई म्हणाली पित्त असेल, शेजारच्या काकांनी कोकमाचं पाणी आणलं, कुणी पाठ चोळली. थोड्या वेळाने त्यांच्या ओठांचा रंग बघून मात्र सगळ्यांची धावपळ उडाली. मिळेल त्या जीपने शहापूर गाठलं, आणि शहापूरच्या डॉक्टरांनी तिथून कल्याणला धाडलं. तिथे कळलं की हे पित्त नव्हतं, हृदय होतं.

आम्हाला ते पटेचना. आमचे बाबा म्हणजे हाडं आणि कातडं. शेती सांभाळून मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला जायचे. सायकलने जायचे, सायकलने यायचे, आणि आल्यावर बैलांना पाणी दाखवायचे. हृदयाचा आजार पोट सुटलेल्या शेठ लोकांना होतो अशी गावाची पक्की समजूत होती. आईने डॉक्टरांना तसं विचारलंही. ते म्हणाले, "असं काही नसतं. बिडी बंद. तेल, तूप, खोबरं, अंड्याचा पिवळा बलक, सगळं बंद."

"कवापरयंत?" आईने विचारलं.

"आता कायमचंच समजा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

आईने बिडीचं ऐकलं, तेलाचं ऐकलं, पण 'कायमचं' काही तिच्या कानात शिरलं नाही. तिच्या हिशेबी आजार म्हणजे घरी आलेली कुणीतरी असते. ती येते, राहते आणि मान घेऊन जाते. आमच्याकडे घरात कुणाला कांजिण्या आल्या की बया आली म्हणतात. मग बया घरात आहे तोवर चुलीवर फोडणी पडत नाही. नुसतं रोग्याला तेलकट द्यायचं नाही एवढ्यावर ते भागत नाही. साऱ्या घराने अळणी-उकडलं खायचं, कारण फोडणीचा वासही रोग्याला बाधतो. शेवटी कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घालायची, पानावर दहीभात घेऊन वेशीबाहेर ठेवायचा आणि बयेला बोळवायचं. त्या दिवशी कढईत तेल पडलं की तडतड ऐकूनच पोरं नाचायची.

आईने बाबांच्या हृदयाला तोच नियम लावला. कल्याणहून आल्या आल्या तेलाची बरणी फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. तुपाचं गाडगं शेजारी देऊन टाकलं. दादा म्हणाला, "अगं, बाबांना नको सांगितलंय, आम्हाला नाय."

"एका घरात एकानं पथ्य करायचं नि बाकीच्यांनी चाटायचं? मंग ते बरं कसं व्हायचं?" आई म्हणाली.

खरं सांगते, तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं. बाबांसमोर बसून तुपाचा भात ओरपायचा कोणाचा जीव झाला असता?

आता दादाचं आणि माझं सांगायला हवं. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. आम्ही दोघं पळायचो. तो पोलीस भरतीसाठी, आणि मी मुळात तो पळतो म्हणून. त्याच्याबरोबर पहाटे रस्त्यावर जायला घरून परवानगी मिळायची, एकटीला मिळाली नसती. शहापूर-मुरबाड रस्ता तेव्हा पहाटे मोकळा असायचा. पुढे आमच्या पी.टी.च्या सरांनी मला शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारताना पाहिलं आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरवलं. दादा जोरात सुटायचा आणि दमायचा. मी हळू सुटायचे आणि दमायचेच नाही. मला ते फार आवडायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट दादापेक्षा बरी येत होती.

सरांचं आहारशास्त्र सोपं होतं. मुलग्यांनी ताकद वाढवायची, म्हणून त्यांनी अंडी, केळी, भिजवलेले हरभरे खायचे. मुलींनी हलकं राहायचं. "हलकी राहशील तर हलकी पळशील," ते मला म्हणायचे. असं का, हे मी विचारलं नाही, त्यांनीही कधी सांगितलं नाही. त्यात घरी फोडणी बंद. दादाचं काय, तो आसनगावला मित्रांकडे जायचा आणि स्टेशनाबाहेर वडे आणि उकडलेली अंडी हाणून यायचा. घरी येऊन पथ्याचं वरण गंभीर चेहऱ्याने जेवायचा. मी पडले मुलगी. मी कुठे जाणार स्टेशनाबाहेर वडे खायला? मी घरचं खायचे, आणि सरांच्या सांगण्यावरून तेही अर्धं.

गंमत अशी की सुरुवातीला मी खरंच जोरात पळायला लागले. ही गोष्ट मला आजही छळते. पहिल्यापासूनच पाय गळाले असते तर सगळं सरळ कळलं असतं. पण मी हलकी झाले आणि तालुक्याला पहिली आले. आई म्हणाली, पथ्य सोसलं. सर म्हणाले, मी म्हणालो नव्हतो? मीही मान डोलावली. मग हळूहळू काहीतरी बिनसलं. भर वैशाखात मला थंडी वाजायची. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. नडगी अशी दुखायची की जिना उतरताना कठडा धरावा लागे. आणि माझं बाजूला बसणं बंद झालं.

आमच्या घरात तेव्हा पाळी आली की पडवीच्या कोपऱ्यात चटई टाकून बसायची रीत होती. ते सगळ्यांना दिसायचं, म्हणजे न बसणंही सगळ्यांना दिसायचं. मला तर सुटल्यासारखं झालं होतं, सराव बुडत नव्हता. आई मात्र माझ्याकडे बघायला लागली होती. वाढताना बघायची, मी वळले की पाठीकडून बघायची. शेजारच्या काकूंनी एकदा सहज विचारलं, "पोर अजून जाते का गो पहाटंला पलायला?" त्या 'सहज'चा अर्थ मला कळायला वेळ लागला. आईला तो त्याच क्षणी कळला होता.

एके दुपारी तिने मला गोठ्यात गाठलं. दार लोटून घेतलं.

"खरं सांग. कोन हाय?"

मला वाटलं शर्यतीचं विचारतेय. मी म्हटलं, "मुरबाडची एक हाय. उंच. माज्या कायम पुढं असते."

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू की रडू काय आलं कुणास ठाऊक, ती म्हशीच्या पाठीला टेकली आणि पदराने तोंड झाकून घेतलं. मला काहीच समजेना. तिने मग नीट विचारलं तेव्हा समजलं, आणि मी इतकी चिडले की दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण तिला माझ्या रागाने काय खात्री पटणार? तिने मला मुरबाडच्या बाईडॉक्टरांकडे नेलं. शहापुरात नेलं असतं तर कुणीतरी ओळखीचं भेटलं असतं.

डॉक्टरीणबाई कामात चोख होत्या. तपासणी केली आणि आईला म्हणाल्या, तसलं काही नाही. आईने डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात बाईंनी नळी माझ्या छातीला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग मनगट धरलं. "हिचे ठोके फार कमी पडतायत," त्या म्हणाल्या.

आईचे जोडलेले हात तसेच राहिले. एका संकटातून सुटली ती थेट दुसऱ्यात पडली. "काळजाचं हाय?" तिने विचारलं. "हिच्या बापाचं पण काळजाचंच हाय."

बाईंनी विचारलं, मुलगी खाते काय? आईने मोठ्या अभिमानाने सांगितलं. तेल नाही, तूप नाही, खोबरं नाही, घरात फोडणीच नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "अहो, ही एवढी पळते आणि तुम्ही हिला उपाशी ठेवलीय. शरीराला चरबी लागते. ती मिळाली नाही की ते ज्यांच्यावाचून अडत नाही ती कामं बंद करतं. पाळी बंद केलीय. हिला तूप द्या, शेंगदाणे द्या, पोटभर भात द्या."

"पन तेला-तुपानं काळीज बंद पडतं ना?"

"त्यांचं वेगळं, हिचं वेगळं."

"एका घरातली मानसं. एकाच मडक्यातलं खातात. मंग वेगळं कसं?"

बाईंनी खूप समजावलं. आईला पटलं नाही आणि मलाही नाही. बरं, ठोके कमी का, तर बाई म्हणाल्या की दोन कारणं असू शकतात. पळणाऱ्याचं हृदय दमदार होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून सावकाश चालतं, ते उत्तम. किंवा उपाशी शरीर दिवा बारीक करतं तसं सावकाश चालतं, ते वाईट. "हिचं कुठलं?" आईने विचारलं. "दोन्ही असेल," बाई म्हणाल्या. आता घ्या.

आम्ही बाबांच्या कल्याणच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीला तारा लावून पट्टी काढली. कागद न्याहाळत म्हणाले, "मुलगा असता तर म्हणालो असतो, झकास. पण मुलींनी इतकं पळलेलं आम्ही फारसं बघितलेलं नाही. सध्या पळणं थांबवा." त्याच महिन्यात सरांनी दादाचं मनगट धरून सगळ्या पोरांसमोर सांगितलं होतं की बघा, किती संथ, याला म्हणतात खेळाडूचं हृदय. दादा आठवडाभर छाती काढून हिंडत होता. तीच संथ नाडी त्याच्या अंगात बक्षीस होती आणि माझ्या अंगात दुखणं. मला संताप आला, पण तो कुणावर काढावा तेच कळेना. सगळेच भल्यासाठी सांगत होते.

जिल्ह्याची शर्यत पावसाळ्यानंतर होती. ती पळायची परवानगी मिळाली नाही तर मुलगी म्हणून माझं पळणं तिथेच संपणार, हे मला दिसत होतं. पुढे लग्नाचं बोलणं सुरू झालं असतं. मी आईला म्हटलं, "पळताना मेले तर मेले." तिने फाडकन माझ्या थोबाडीत मारली. एरवी ती कधी हात उगारायची नाही. मग तिथेच माझ्यासमोर बसली आणि माझं मनगट हातात घेतलं. सर आम्हाला सकाळी उठल्या उठल्या नाडी बघायला सांगायचे, ते ती ऐकत होती. तिला घड्याळ कळत नव्हतं. तिने दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि दोन्ही ताडून बघितलं.

"माजं दोनदा चालतं तवर तुजं एकदाच," ती म्हणाली. "कोन बरोबर हाय आपल्यात?"

मला हसू आलं नाही. मला खरंच माहीत नव्हतं. तीही विचारात पडली होती. अंगणातून बाबांचा खोकण्याचा आवाज आला तशी ती उठली.

दुसऱ्या दिवसापासून गोठ्यामागे तीन दगडांची चूल मांडली गेली. वारा घराकडून वाहतो की घराकडे, हे बघून ती चूल पेटवायची. वास बाबांपर्यंत पोचता कामा नये. माळ्यावरची बरणी खाली उतरली. म्हशीचं लोणी पुन्हा कढायला लागलं. मी पळून आले की ती मला गोठ्यात बसवून भातावर तूप ओतायची, सुकटीला लसणाची फोडणी द्यायची, आणि मी खाईपर्यंत दारात उभी राहायची. सरांना तिने निरोप पाठवला की पोर हलकी-बिलकी राहायची नाय, पळली तर पळली. पहिल्या दिवशी मी ताट बाजूला सारलं.

"आई, बाबांचं पथ्य मोडतंय ना हे?"

"तुज्या वाटचं मी करतंय," ती म्हणाली. "तू खा."

नंतर लक्षात आलं की रात्री ती नुसती पेज पिऊ लागली होती. स्वतःचं पथ्य तर ती पाळतच होती, त्यावर माझंही तिने अंगावर घेतलं होतं.

आणि मग रोजची पहाट ठरून गेली. आधी बाबांचं मनगट, मग माझं, एक हात स्वतःच्या गळ्यावर. बाबांचं जरा घाईत हाय, तुजं आज बरं हाय, जा. हे 'जा' ऐकल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नसे. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं, बाईंनी खाऊन पळ म्हटलं होतं, आणि या दोघांच्या मध्ये आईचं बोट माझ्या शिरेवर होतं.

भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकल्यावर एके सकाळी मी पडवीच्या कोपऱ्यात चटई टाकली. आईने मला बसलेलं पाहिलं आणि हातातली घागर तशीच घेऊन उभी राहिली. मग शेजारच्या काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिवू नको गो कशाला, बस तितंच." इतक्या आनंदाने मला कुणीच कधी कोपऱ्यात बसवलं नव्हतं.

जिल्ह्याला मी तिसरी आले. मुरबाडची उंच मुलगी पहिली आली. पण त्या तिसऱ्या नंबराने मला पुढचं दार उघडलं. मी पळत राहिले, पुढे खेळाची शिक्षिका झाले. दादा पोलिसात गेला. बाबा टिकले. कशाने टिकले म्हणाल तर बिडी सुटली म्हणून, गोळ्यांनी, बिनफोडणीच्या वरणाने की आईच्या पेजेने, हे मला सांगता येणार नाही. मी या विषयावर पुढे पुष्कळ वाचलं. वाचून गोंधळ वाढला. कधी तूप विष, कधी तूप औषध. कधी खोबरेल वाईट, मग चांगलं, मग पुन्हा वाईट. पळणाऱ्या पुरुषाला एक लागू, बाईला दुसरं. माझ्या हाताखालच्या मुली विचारतात, मॅडम, काय खायचं? मी म्हणते, पोटभर खा, आणि पाळी चुकली तर मला येऊन सांगा. याहून जास्त खात्रीने मी काही बोलत नाही.

नवं शतक लागून काही वर्षं झाली होती. बाबांचे जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि नवे, तरुण डॉक्टर आले. त्यांनी सगळे कागद बघितले आणि म्हणाले, "बाबा, थोडं तेल-तूप चालेल तुम्हाला. बेताने घ्या." बाबांनी तीनदा विचारून खात्री करून घेतली. त्या संध्याकाळी वहिनीने वरणाला जिरं-लसणाची फोडणी दिली. घरातल्या चुलीवर, म्हणजे आता गॅसवर, इतक्या वर्षांनी ती तडतड झाली. बाबा दोनदा वाढून घेऊन जेवले. मी माहेरी आले होते. मला वाटलं, संपलं एकदाचं.

आई मात्र आपल्या वाटीत फोडणीच्या आधी काढून ठेवलेलं फिकं वरण घेऊन बसली.

पुढच्या वेळी माहेरी आले तेव्हा कळलं की हे रोजचंच झालंय. वहिनी तक्रार करत होती, दादा ओरडून दमला होता. मी आईला समजावलं. डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय, बाबा खातायत, तुला तर काही झालंच नव्हतं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "ते खातायत ना समोर बसून? बरे हायत ना?"

"हो."

"मंग."

मी म्हटलं, "मग काय?"

"मंग कोनी तरी करायला होवं. बोळवली कोनी तिला? आली ती तशीच बसून हाय घरात. डॉक्टर म्हनला कायमचं. मी तवा ऐकलं नाय, पन नंतर ऐकलं."

मला रडू आलं, आणि त्याच वेळी तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. माझ्याकडे सांगायला पुस्तकातलं बरंच होतं, पण तिचा प्रश्न पुस्तकातला नव्हता. खरंच, हृदयाच्या आजाराला कुणी कधी बोळवतं का?

बाबा ओटीवर बसून हे ऐकत होते. ते जन्मात कधी चुलीकडे फिरकले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले आणि वेशीवरच्या कडुलिंबाचा डहाळा तोडून आणला. वहिनीला पाणी तापवायला सांगितलं. पाल्याच्या पाण्याने आंघोळ केली, कोरं धोतर नेसले. मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हाताने भातात दही कालवलं, सांडलवंड करत, मीठ विसरून. पान घेऊन काठी टेकत वेशीकडे निघाले. आई दारात उभी राहून बघत होती. मी मागे जायला निघाले तर त्यांनी हातानेच थांबवलं.

वेळ लागला. परत आले तेव्हा दमले होते. पाय धुतले, आत आले, आणि आईच्या ताटासमोर पाट ओढून बसले.

"गेली गो ती. मी घालवून आलो. जेव आता."

वहिनीने पळीत तेल तापवलं, मोहरी टाकली आणि ती तशीच आईच्या वरणावर ओतली. आईने भात कालवला, पहिला घास उचलला, आणि तोंडात घालण्याआधी डावा हात पुढे करून बाबांचं मनगट धरलं. ताट रिकामं होईपर्यंत तिने ते सोडलं नाही.